आज्ञावलींचे बिऱ्हाड

आंबवड्याचा झुलता पूल ओलांडून नागेश्वराच्या दर्शनास गेलेले पुष्कळ जण या सभेत असतील. तो पूल पंतसचिवांच्या अमदानीतला. १९४८ साली भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानचा शिक्का गेला, कचेऱ्या बदलल्या, पुढे दप्तरातली मोडीही मावळली. पण शेताचा बांध काही जागचा हलला नाही. कोणाचे शेत कोणते, हा हिशेब जुन्या दप्तरातून नव्या दप्तरात न्यावाच लागला, आणि तो नेणाऱ्या कारकुनांची नावे इतिहासात कोठे येत नाहीत. आज आम्ही अशाच एका कामाविषयी बोलणार आहोत. फरक इतकाच, की येथे विलीन होते ते संस्थान नव्हे, यंत्र.

आपली बँक, पतसंस्था, दूधसंघ यांचे हिशेब आता संगणकाच्या आज्ञावलींवर चालतात. आज्ञावली अधांतरी चालत नाही. तिला राहावयास घर लागते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोठ्या कारभाराच्या आज्ञावली ज्या घरात राहतात, त्यास ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ म्हणतात. हा एक प्रकारचा कारभारीच समजावा. शंभर खिडक्यांवरून एकाच वेळी मागण्या येतात. त्या शिस्तीने आत घ्यावयाच्या, दप्तरातून नोंद काढून द्यावयाची, आणि पैसे एका खात्यातून निघाले परंतु दुसऱ्यात जमा झाले नाहीत असा अर्धा व्यवहार होऊ द्यावयाचा नाही, ही त्याची कामे. एके दिवशी हा कारभारी घडविणारी कंपनी जाहीर करते, की यापुढे आम्ही हा माल बनविणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच बिघडलेले नसते. खिडक्या उघडतात, पावत्या निघतात. घात होतो तो येथेच, कारण घराला पडलेली भेग बुजविणारा आता कोणी उरलेला नसतो, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

हा प्रसंग आपल्याकडे नवा नाही. आयबीएमचे १४०१ हे यंत्र १९५९ साली निघाले आणि १९७१ साली कंपनीने ते विक्रीतून काढून घेतले. आपल्या देशात ते त्यानंतरही राबत होते. परकी चलनाच्या १९७३ च्या कायद्यान्वये भागभांडवल कमी करण्यास आयबीएम तयार झाली नाही आणि १९७८ साली तिने येथला कारभार आवरला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने शिरावर घेतली. बनविणारा गेला तरी चालविणारे राहिले.

मात्र आम्हांला विशेष मोलाची वाटते ती मुंबईची १९७४ ची हकीकत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ साली मुंबईत निघाली आणि फकीरचंद कोहली यांच्या हाती तिचा कारभार आला. बरोज नावाच्या अमेरिकन कंपनीने तिला एक काम दिले. रुग्णालयाचा सारा हिशेब सांभाळणारी, कोबोल भाषेत लिहिलेली एक प्रणाली बरोजच्या मध्यम मालिकेच्या यंत्रावर चालत होती. ती त्याच कंपनीच्या लहान मालिकेच्या यंत्रावर न्यावयाची होती. भाषा एकच खरी, पण प्रत्येक यंत्राची कोबोल थोडी निराळी. कोकणातला माणूस देशावर आला म्हणजे जशी गंमत होते तशी. आणि अडचण अशी, की या मंडळींपाशी बरोजचे यंत्रच नव्हते. होते ते विलायती, आयसीएल १९०३. तेव्हा त्यांनी एक आज्ञावली लिहिली ती गाळणीसारखी. एका बाजूने जुन्या यंत्राची कोबोल आत घालावयाची, दुसऱ्या बाजूने नव्या यंत्राची बाहेर काढावयाची. ज्या यंत्रासाठी काम करावयाचे ते समोर नसताना हे काम झाले, आणि या देशातून बाहेर गेलेल्या आज्ञावलींच्या धंद्याचा आरंभ अशा बिऱ्हाड हलविण्यातून झाला. नव्या निर्मितीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. बरोज कंपनी १९८६ साली स्पेरी विकत घेऊन युनिसिस झाली. आयसीएल जपानच्या फुजित्सूच्या पोटात गेली. ज्या यंत्रांसाठी व ज्या यंत्रावर ते काम झाले, ती नावे बाजारातून पुसली गेली. कोबोल मात्र आजही जगातल्या बँकांमधून चालते, कारण ती कोणा एका कारखानदाराची मालमत्ता नव्हती.

ॲप्लिकेशन सर्व्हरांच्या जमान्यात हाच धडा पुन्हा, आणि महागात, शिकावा लागला. नेटडायनॅमिक्स नावाचा एक सर्व्हर १९९८ साली सन कंपनीने विकत घेतला. लवकरच नेटस्केपशी सनचा करार झाला, दोन सर्व्हर एकाच छपराखाली आले आणि नेटडायनॅमिक्सला निरोप मिळाला. ब्ल्यूस्टोन हा सर्व्हर ह्यूलेट-पॅकार्डने २००१ साली घेतला आणि २००२ साली बंद करण्याचे जाहीर केले. घर घेऊन वर्ष-दीड वर्षात पाडावयास काढले म्हणा ना! ज्यांनी आपल्या आज्ञावली जावाच्या सर्वमान्य नियमांनी लिहिल्या होत्या, ते दुसऱ्या घरी त्या मानाने सुखाने गेले. हे नियम १९९९ साली प्रसिद्ध झाले होते. ज्यांनी त्या कंपनीच्याच खास सोयी वापरल्या होत्या, त्यांना भिंतीसकट बिऱ्हाड उचलावे लागले. सर्वमान्य नियमही अगदी निर्धोक नाहीत. ते सन विकत घेणाऱ्या ओरॅकलने एक्लिप्स या संस्थेकडे सोपविले खरे, पण ‘जावाएक्स’ हे नाव नव्या कामास मिळेना. म्हणून २०२० साली ‘जकार्ता’ हे नाव घ्यावे लागले, आणि आज्ञावलींतून ठिकठिकाणी जुने नाव खोडून नवे लिहिणे आले.

येथवरचे काम गाळणीने होते. गाळणीत न येणारे काम निराळे. आमच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत असेच स्थलांतर झाले. शहाणपण असे, की जुनी व नवी आज्ञावली तीन महिने शेजारी शेजारी चालविली. काही ठेवींच्या व्याजात रुपया-दोन रुपयांचा फरक निघू लागला. नवी आज्ञावली लिहिणारे म्हणाले, आमचे गणित बरोबर. आणि ते बरोबर होतेही. शेवटी निवृत्त झालेल्या एका हिशेबनीस बाईंना बोलावणे गेले. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, “ठेव ठेवल्याचा दिवस तुम्ही मोजला काय?” फार पूर्वी संचालक मंडळाने एका योजनेपुरता तो दिवस धरावयाचा ठराव केला होता. जुन्या आज्ञावलीत तो कोणीतरी घातला होता, पण टिपण ठेवले नव्हते. सभेच्या इतिवृत्ताची वही कपाटातून काढली, आणि बाईंच्या स्मरणातला ठराव तीत शाईने लिहिलेला सापडला. फरक पडत होता तो ठेवीदारांच्या तोट्याचा. नव्या आज्ञावलीत तो दिवस धरला गेला, या खेपेस ठरावाच्या क्रमांकासह. मग आकडे जुळले, आणि जुने यंत्र बंद केले.