एकाच रंगाचा नकाशा

शाळेत महाराष्ट्राचा भूवैज्ञानिक नकाशा असेल तर त्यावर हसनाबाद कुठे येते ते शोधून पाहा. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले, पूर्णेच्या खोऱ्यातले हे गाव. (ही पूर्णा गोदावरीला मिळणारी, विदर्भातली तापीला मिळणारी पूर्णा वेगळी.) गावाच्या भोवती नकाशावर पाहण्यासारखे काही दिसत नाही. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला वेरूळ, दक्षिणेला जालना, सगळीकडे तोच एक रंग. सूचीत त्यापुढे लिहिलेले असते ‘दख्खन ट्रॅप’, म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट. राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग या खडकाने व्यापला आहे. नागपूर-चंद्रपूरकडे नकाशा रंगीबेरंगी होतो. मराठवाड्यात मात्र रंगाऱ्याने एकाच डब्यात कुंचला बुडवून काम उरकल्यासारखे वाटते. असे का झाले, आणि त्याचा हसनाबादसारख्या गावांच्या विहिरींशी काय संबंध, हे समजायला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

या मुलखाची माहिती इंग्रजांना प्रथम हवी होती ती लढाईसाठी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्याच असईजवळ आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. मध्ये केळणा नदी. जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. अशा गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. नकाशा हाती नसलेल्या सेनापतीचा हा भूगोल वर्गात सांगण्यासारखा आहे.

आदल्याच वर्षी, १८०२ मध्ये, विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीची पहिली आधाररेषा मोजली होती. ही मोजणी निजामाच्या राज्यातून उत्तरेकडे सरकू लागली तेव्हा तिच्याबरोबर हेन्री व्हॉयसी हा डॉक्टर नेमला गेला. माणसांची दुखणी पाहायची आणि वाटेतले खडकही पाहायचे, असे त्याचे दुहेरी काम. वऱ्हाडच्या उत्तरेला गाविलगडच्या डोंगरात त्याला बेसाल्टच्या थरांमध्ये शंखशिंपल्यांचे जीवाश्म सापडले. पुढे १८४० मध्ये माल्कमसन या लष्करी डॉक्टरने अशा जीवाश्मांवर सविस्तर लिहिले. हे जीव गोड्या पाण्यातले होते. याचा अर्थ असा की लाव्हा एकदाच ओतला गेला नव्हता. एक प्रवाह थंड झाला, त्यावर तळी साचली, जीव वाढले, आणि मग पुढचा प्रवाह आला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. विहिरीत उतरताना ती पुन्हा भेटेल.

दरम्यान मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची आकडेवार माहिती जमवायला नेमले. त्याने पक्षी, मासे, पिके यांबरोबर हवेचा दाबही नोंदला. १८३३ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे त्याने दख्खनच्या खडकांवर निबंध ठेवला. आडव्या थरांचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर त्यात आले आहेत. ‘ट्रॅप’ हा शब्दही मुळात स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलेला. पण सायक्सची हद्द कंपनीच्या मुलखापुरती होती आणि हसनाबाद निजामाच्या राज्यात होते.

यानंतर सरकारी सर्वेक्षणाला खरी गती दिली ती कोळशाने. आगबोटींना कोळसा हवा, येऊ घातलेल्या रेल्वेलाही हवा. १८३६ मध्ये कलकत्त्याला कोळशाच्या शोधासाठी समिती बसली. १८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅम आला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभे राहिले. कोळशाचे थर ट्रॅपपेक्षा कितीतरी जुने. ट्रॅप त्यांच्यावर चादरीसारखा पसरलेला. साहजिकच ही चादर कुठे संपते, हे शोधण्यात सर्वेक्षकांचे पाय झिजले. वरोऱ्याची खाण १८७१ मध्ये सुरू झाली, वर्धा खोऱ्याच्या कोळशावर ह्यूजेसचा ग्रंथ १८७७ मध्ये निघाला. निजामाच्या राज्यात सिंगरेणीचा कोळसा याच दशकात विल्यम किंगने दाखवला. चादरीच्या कडा बारकाईने रेखल्या गेल्या. मधल्या भागात खणून विकण्यासारखे काही नव्हते. तिथे एकच रंग भरला की काम भागत होते.

एक अपवाद लोणारचा. तिथल्या सरोवराच्या सोड्याचा उपयोग मोगल काळापासून माहीत होता; काच आणि साबण बनवण्याच्या संदर्भात ‘ऐने-अकबरी’त या परिसराचा उल्लेख आहे. सर्वेक्षणाचे अधिकारी तिथे पुन:पुन्हा गेले. ला टूश आणि ख्रिस्ती यांचा १९१२ चा अहवाल तर बराच तपशीलवार आहे. सोडा मोजणाऱ्या या खात्याच्याच शास्त्रज्ञांनी पुढे अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर तळाला भोके पाडली, आणि हे विवर उल्काघाताने झाले असल्याचा पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

हैदराबाद संस्थानाने विसाव्या शतकात स्वतःचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभारले. त्याचा प्रमुख लिओनार्ड मन याच्याकडे विहिरी खोदण्याच्या खात्याचेही काम होते. खडक पाहणारा आणि विहिरीची जागा ठरवणारा एकच माणूस असावा, ही कल्पना आम्हाला फार मोलाची वाटते. पण त्याचे बरेचसे काम रायचूरकडच्या ग्रॅनाइटी मुलखात झाले. बेसाल्टचा रंग नकाशावर तसाच राहिला.

आता विहिरीत डोकावू. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग ठिकठिकाणी ‘मांजऱ्या’ म्हणून ओळखला जाणारा पोकळ्यांचा खडक, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण, आणि कधी दोन प्रवाहांमध्ये गेरूसारखा तांबडा थर. व्हॉयसीच्या शंखशिंपल्यांनी जे सांगितले तेच हे थर सांगतात: दोन लाव्हांमध्ये काळ गेला होता, खडक झिजून त्याची माती झाली होती. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. घट्ट पाषाणात भेगा नसतील तर जवळजवळ नाहीच, आणि तांबडा थर ते खाली सहज जाऊ देत नाही. विहीर खोदणाऱ्यांना हे ठाऊक होते. नकाशाच्या एका रंगात मात्र हे सगळे बुडाले होते.

किती पाणी? साधा हिशेब करू. एक हेक्टर जमीन, तिच्याखाली पाण्याची पातळी एक मीटरने उतरली. अशा खडकातून निथळणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या २ टक्के धरू. १०,००० चौरस मीटर गुणिले १ मीटर गुणिले ०.०२, म्हणजे २०० घनमीटर, दोन लाख लिटर. ऐकायला पुष्कळ वाटते. पण त्याच हेक्टरला ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची तर ५०० घनमीटर लागतात. एका पाळीला पातळी अडीच मीटर उतरली! नदीकाठच्या गाळात हेच प्रमाण १० टक्के धरले तर ती अर्धाच मीटर उतरेल.

ही गणिते सरकारदरबारी नीट मांडली जायला १९७२ चा दुष्काळ यावा लागला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमाराची. कठीण पाषाणात झटपट भोक पाडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली, पण त्यावर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप वारंवार मोडत. टिकाऊ पंपाचा एक आराखडा जालन्याच्या मिशनमध्ये घडला, त्यावरून सोलापूरचा पंप झाला, आणि त्यातून देशभर पोचलेला ‘इंडिया मार्क टू’. यंत्रणेने पुढे तालुक्याऐवजी पाणलोट क्षेत्र हा मोजणीचा घटक मानला, राज्याची सुमारे दीड हजार क्षेत्रांत वाटणी केली आणि निरीक्षण विहिरी निवडल्या. त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे.

हे मोजणे शाळेला सहज जमण्यासारखे आहे. मीटरच्या खुणा केलेली दोरी, टोकाला वजन आणि एक वही पुरते. काठावरचा एकच दगड ठरवून प्रत्येक वेळी तिथूनच मोजावे, विद्यार्थ्यांना काठापासून जपावे, आणि आसपासचे पंप बंद होऊन काही तास गेल्यावर, शक्यतो पहाटे, दोरी सोडावी.