जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड आणि आट्यांचा इतिहास

जुनी मोटार जतन करणें म्हणजे तिचें पत्र्याचें अंग घासूनपुसून लखलखीत करणें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु मोटारीचें खरें वय बाह्यांगावरून कळत नाहीं. तें कळतें डॅशबोर्डच्या पाठीमागें हात घातल्यावर. तेथील एखाद्या तबकडीचा नट सोडवावयाचा झाला कीं, घरांतील पान्यांचा सगळा संच एकेक करून निकामी ठरतो. एक पाना सैल पडतो, दुसरा चढतच नाहीं. मालकास वाटतें, गाडी बनविणाऱ्याचा हा विक्षिप्तपणा असावा. वस्तुतः तो विक्षिप्तपणा नव्हे, इतिहास आहे. आणि तो समजून घेतल्यावांचून हातीं योग्य हत्यार येणें कठीण.

प्रथम नांवाकडेच पाहूं. घोडागाडीच्या काळीं हांकणाऱ्याच्या पायांपुढें एक फळी अथवा चामड्याचा पडदा असे. घोड्याच्या टापांनीं उडालेला चिखल अंगावर येऊं नये, एवढेंच त्याचें प्रयोजन. पुढें मोटार आली, घोडा गेला. पण फळी राहिली आणि तिचें नांवही राहिलें. तेलाचा दाब, विजेचा प्रवाह, गाडीचा वेग दाखविणाऱ्या तबकड्या हळूहळू याच फळीवर येऊन बसल्या. जुन्या गाड्यांतून सर्रास आढळणाऱ्या वेगमापकाची रचना जर्मनीच्या ओटो शुल्झे यानें १९०२ सालीं पेटंट केली. गिअरच्या पेटीकडून येणाऱ्या लवचिक तारेच्या टोकाशीं एक लोहचुंबक फिरतो. त्याच्यालगत ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. दोहोंचा स्पर्श मुळींच नाहीं. तरी चुंबकाच्या भ्रमणानें वाटींत विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन ती त्याच्यामागें ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. या ओढाताणीचा तोल म्हणजेच कांट्यानें दाखविलेला वेग. तात्पर्य, डॅशबोर्डचें काम हें घड्याळजीचें काम आहे. लोहाराच्या हातोडीस तेथें स्थान नाहीं.

आतां पान्यांकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मळसूत्राचे आटे प्रत्येक कारखाना आपापल्या मापानें पाडी. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटांत बसेल, अशी खात्री नसे. मँचेस्टरचे जोसेफ व्हिटवर्थ यांनीं इंग्लंडांतील अनेक कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली, आणि १८४१ सालीं सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढें एक समान पद्धति मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि बोल्टच्या प्रत्येक जाडीस इंचामागें ठराविक आटे, असें तिचें स्वरूप होतें. कोणा एकाचें माप सर्वांवर न लादतां सर्वांच्या मधलें माप शोधण्यांत व्हिटवर्थ यांचें शहाणपण दिसतें. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाल्यावर विलायती यंत्रांबरोबर हे आटे आपल्याकडील कारखान्यांतही आले.

परंतु या समानतेस लवकरच फांटे फुटले. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनीं १८६४ सालीं ६० अंशांचे आटे पुढें मांडले, आणि अमेरिकेनें तेच स्वीकारले. व्हिटवर्थचे आटे नाजूक उपकरणांस जाडेभरडे पडतात म्हणून ब्रिटिश असोसिएशननें १८८४ सालीं बारीक स्क्रूंची निराळी मालिका पुरस्कारिली, तीच ‘बी. ए.’ या नांवानें ओळखली जाते. गंमत अशी कीं, इंचाचा अभिमान बाळगणाऱ्या देशांतील या संस्थेनें मूळ नमुना घेतला तो स्वित्झर्लंडचा, आणि तोही मिलिमीटरांत मोजलेला! या मालिकेंतील शून्य क्रमांकाचा स्क्रू ६ मिलिमीटर जाड असून त्याच्या दोन आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असतें. पुढील प्रत्येक क्रमांकास हें अंतर आधीच्याच्या नऊ-दशांश होत जातें. म्हणजे क्रमांक वाढेल तसा स्क्रू लहान. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या तबकड्या आणि विजेच्या तारांचीं टोकें बहुधा याच मालिकेच्या स्क्रूंनीं व नटांनीं धरलेलीं असतात. १९०८ च्या सुमारास मोटारीच्या धक्क्यांत सैल न पडणारे बारीक व्हिटवर्थ आटेही आले, आणि पेटींतील पाने आणखी वाढले.

खरा घोटाळा होतो तो पान्यांवरील आंकड्यांनीं. व्हिटवर्थच्या पान्यावर ‘पाव इंच’ लिहिलेलें असलें, तरी त्याचा जबडा पाव इंच नसतो. तो आंकडा बोल्टच्या जाडीचा असतो. जबड्याची रुंदी असते ०.५२५ इंच, म्हणजे सुमारें १३.३ मिलिमीटर. उलट अमेरिकन पान्यावरील आंकडा नटाच्या समोरासमोरील सपाट बाजूंमधलें अंतर सांगतो. तेथें अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आतां १३ मिलिमीटरचा पाना व्हिटवर्थच्या त्या नटावर चढत नाहीं, आणि १४ चा चढतो पण कोपरे झिजवितो. अर्ध्या मिलिमीटरच्या या फरकानें किती नट गोल होऊन बसले असतील, याची गणती कोणी केलेली नाहीं.

फरकाचा याहूनही विलक्षण नमुना मॉरिस गाड्यांत सांपडतो. हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्यांनीं पहिल्या महायुद्धांत कॉव्हेंट्री येथें कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तेथें मॉरिससाठीं इंजिनें होऊं लागलीं, आणि १९२३ सालीं मॉरिस यांनीं तो कारखानाच विकत घेतला. तेथील यंत्रें मिलिमीटरांत आटे पाडीत. इंग्रज कारागिरांचे पाने मात्र व्हिटवर्थचे. तोड अशी निघाली कीं, आटे फ्रेंच ठेवावे आणि माथा इंग्रजी! ही प्रथा पुढें कित्येक वर्षें एम. जी. गाड्यांच्या इंजिनांतही चालली. अशा गाडींत बोल्टवर पाना चोख बसतो, म्हणून आटेही इंग्रजी असतील असें समजून जो नवा बोल्ट घालील, तो इंजिनाचे आटे बिघडवील.

दुसऱ्या महायुद्धांत दोस्त राष्ट्रांस एकमेकांचे सुटे भाग वापरतां येईनात, तेव्हां या भेदाची किंमत सर्वांस कळली. १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनीं समान आट्यांचा करार केला. मुंबईच्या गॅरेजांत मात्र तिन्ही परंपरा एकत्र नांदल्या. विलायती गाड्या होत्याच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानें प्रथम अमेरिकन क्रायस्लरच्या आणि नंतर इटालियन फियाटच्या गाड्या बांधल्या. एकाच मिस्त्रीच्या पेटींत इंच, सूत आणि मिलिमीटर शेजारीं शेजारीं पडलेले असत, आणि कोणत्या गाडीस कोणता पाना हें ज्ञान पुस्तकांत नव्हे, त्याच्या बोटांत असे.

म्हणून डॅशबोर्डला हात घालणाऱ्यानें आधीं बॅटरीची तार सोडावी. कारण ॲम्पिअर-मापकाच्या टोकांशीं पुष्कळदां फ्यूजवांचून वीज खेळत असते, आणि निसटलेला पाना तेथें ठिणगी पाडतो. मग गाडीचें साल व देश पाहून आटे ओळखावे. त्यासाठीं आटे मोजण्याच्या दांतेरी पट्ट्यांचा जुडगा जवळ असावा. स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक स्क्रूच्या खांचेंत रुंदीनें व जाडीनें तंतोतंत बसणारें निवडावें. पाचरीसारखें निमुळतें टोंक निसटून लाकडावर ओरखडा काढतें. बटनांभोंवतालच्या चकचकीत कड्यांस दोन खांचा असतात. त्यांस दोन दांतांचा खास पानाच लागतो, पकड नव्हे.

हा सगळा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. जबरदस्तीनें तुटलेला स्क्रू भोक पाडून काढतां येतो आणि तेथें नवा बसवितांही येतो; गाडी चालेलही. परंतु १८४१ पासून कारागिरांनीं आपसांत केलेल्या करारांची जी खूण त्या भोकाशीं होती, ती कायमची जाते. ग्रंथालयांतील पोथी वाळवीपासून राखणारे आपण, लोखंडावर कोरलेला हा लेख मात्र चुकीच्या पान्यानें पुसून टाकूं नये, एवढीच अपेक्षा.