सेल्सफोर्समधील डेटा साठवण

सेल्सफोर्स ही १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेली क्लाउड-आधारित ग्राहक व्यवस्थापन प्रणाली. तिच्यातील साठवण मुख्यतः दोन खात्यांत मोजली जाते : नोंदींचा डेटा आणि फाइली. नोंदींचे मोजमाप विशेष लक्षात घ्यावे असे आहे. नोंदीत दोन रकाने भरलेले असोत वा दोनशे, बहुतेक प्रकारच्या नोंदीला सरसकट २ केबी धरले जातात; व्यक्ति-खात्याला ४, तर मोहिमेच्या नोंदीला ८ केबी. म्हणजे १ जीबीत साधारण सव्वापाच लाख नोंदी मावतात. त्यामुळे रिकामे रकाने काढून जागा वाचत नाही, नोंदींची संख्याच घटवावी लागते. दुहेरी नोंदी एकत्र करणे हा त्यावरचा सर्वांत हितकारक उपाय, कारण त्याने ग्राहकाची माहितीही शुद्ध होते.

प्रशासकाला ‘स्टोरेज युसेज’ या पानावर नोंदींच्या प्रकारानुसार व वापरकर्त्यानुसार वापर दिसतो. मोठ्या आयातीनंतरचे आकडे तिथे लगेच उमटत नाहीत. जुन्या नोंदी बाहेर निर्यात करून किंवा ‘बिग ऑब्जेक्ट’ या प्रचंड डेटासाठीच्या वेगळ्या साठवणीत हलवून मूळ जागा मोकळी करता येते. पुसलेल्या नोंदी सामान्यतः १५ दिवस रिसायकल बिनमध्ये राहतात. सामूहिक पुसणीपूर्वी स्वतंत्र प्रत घेणे अत्यावश्यक.