रविवारचे शब्दप्रसारण

गाण्यांपेक्षा बोलण्यावर भर देणाऱ्या रेडिओकेंद्राने सुट्टीच्या दिवसासाठी आखलेली कार्यक्रमपत्रिका. आठवडाभर श्रोता रेडिओ ऐकतो तो कामाच्या धबडग्यात. रविवारी तो घरी निवांत असतो. त्यामुळे त्या दिवशी उपासना, लांब मुलाखत, श्रुतिका, आठवड्याच्या घडामोडींचा परामर्श यांना ऐसपैस वेळ देता येतो. बीबीसीच्या ‘रेडिओ फोर’ची (स्थापना ३० सप्टेंबर १९६७) पत्रिका हा या प्रकाराचा सर्वांत घडीव नमुना आहे.

तिची मुळे जॉन रीथ यांच्या धोरणात आहेत. बीबीसीचे हे पहिले महासंचालक स्कॉटलंडमधील एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव. रविवारी प्रार्थना, प्रवचन आणि गंभीर संगीत याखेरीज फारसे काही प्रसारित होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. परिणाम उलटा झाला. १९३०च्या दशकात असंख्य ब्रिटिश घरांत रविवारी रेडिओ लक्झेंबर्ग आणि रेडिओ नॉर्मंडी ही परदेशातून चालणारी व्यापारी केंद्रे लागू लागली. पुढे महायुद्धात, १९४० साली, सैनिकांसाठी वेगळे प्रसारण सुरू झाले आणि रविवारचे सोवळे सुटले.

आजच्या पत्रिकेत दोन्ही काळांचे थर दिसतात. पहाटे एखाद्या चर्चच्या घंटा ऐकवतात, सकाळी उपासना होते आणि एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी श्रोत्यांकडे मदत मागितली जाते. ही मदतीची परंपरा १९२६पासूनची. ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’मध्ये (१९४२पासून) पाहुणा निर्जन बेटावर न्यायच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडतो आणि त्यांच्या आधाराने स्वतःचे आयुष्य सांगतो. दुपारी एक वाजता बातम्यांचे विस्तृत सत्र असते, त्यानंतर बागकामावरची प्रश्नोत्तरे.

या साऱ्यांत ‘द आर्चर्स’चे स्थान निराळे आहे. काल्पनिक खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची ही मालिका १ जानेवारी १९५१पासून देशभर प्रसारित होऊ लागली. युद्धानंतर अन्नधान्याची टंचाई होती. नव्या शेतीपद्धती शेतकऱ्यांच्या गळी उतरवण्यासाठी कथेचा मार्ग निवडला गेला. उपदेशाची गरज ओसरली, कुटुंब मात्र श्रोत्यांचे आप्त होऊन बसले. आठवड्याचे सारे भाग रविवारी सलग पुन्हा लागतात. मराठी श्रोत्याला अशी जवळीक मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ने दिली. नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशी यांचे प्रभाकरपंत आणि बाळ कुडतरकर यांचे टेकाडे भावजी ही मंडळी घरोघरच्या बोलण्यात होती. दीर्घायुष्याच्या बाबतीत मात्र ब्रिटिश मालिकेला तोड नाही.

रविवार आणि भारतीय श्रोते यांची ब्रिटनमध्येही गाठ पडली. सुरत, नवसारी, भरूच या पट्ट्यातून गेलेली कुटुंबे लेस्टर, ब्लॅकबर्न, बोल्टन अशा शहरांत स्थिरावत होती. १० ऑक्टोबर १९६५ रोजी, रविवारीच, बीबीसीने हिंदी-उर्दू मिश्र बोलीत ‘अपना ही घर समझिए’ हा कार्यक्रम सुरू केला. महेंद्र कौल आणि सलीम शाहिद हे त्याचे निवेदक. परक्या देशात आपली बोली ऐकायला सुट्टीचा दिवस मिळाला, याचे मोल त्या पिढीला होते.

भारतातील प्रसारणावर बीबीसीची छाप सुरुवातीपासून होती. १९३५ साली भारताचे पहिले प्रसारण नियंत्रक म्हणून आलेले लायोनेल फील्डन हे बीबीसीतलेच. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पुढच्या वर्षी रूढ झाले. पुणे केंद्राचे ‘गीतरामायण’ (१९५५–५६) शुक्रवारी सकाळी लागे, आणि तेच गीत शनिवारी व रविवारीही ऐकवले जाई. अलीकडचे उदाहरण ‘मन की बात’चे. ऑक्टोबर २०१४मध्ये सुरू झालेले पंतप्रधानांचे हे भाषण महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकराला लागते. त्याचे प्रादेशिक भाषांतील अनुवादही आकाशवाणी देते.

वर आलेल्या सुरतेचेच उदाहरण घेतले, तर तिथे आकाशवाणीचे केंद्र आहे आणि खासगी एफएम वाहिन्याही आहेत. खासगी वाहिन्यांचा सगळा व्यवहार जाहिरातींवर चालतो, म्हणून त्यांचा रविवारही गाण्यांचाच. परवान्याच्या अटींनुसार त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०१९पासून आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची मुभा आहे, इतकेच. बीबीसीचा खर्च दूरचित्रवाणी परवान्याच्या शुल्कातून भागतो, म्हणून तिला जाहिरातदाराकडे पाहावे लागत नाही. हा फरक मूलभूत आहे.

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी आहे, आणि सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. एवढ्या वस्तीला रविवारी मायबोलीतले चांगले बोलणे ऐकायला मिळायलाच हवे. आकाशवाणीच्या ‘न्यूजऑनएअर’ या ॲपमुळे मुंबईची अस्मिता वाहिनी आता तिथेही मोबाइलवर ऐकता येते. खासगी वाहिन्यांना बातमी आणि चर्चेची मोकळीक मिळेपर्यंत सुरतेतील रविवारच्या शब्दप्रसारणाची भिस्त आकाशवाणीवरच राहील.