अमेरिकेतील जुन्या मोटर होममधील वीजजोडणी व सुरक्षितता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

विजेच्या इतिहासाचे लेखन बहुधा वीजनिर्मिती, कारखाने आणि शहरांतील दिवाबत्ती यांभोवती फिरते. चाकांवरील घराला त्यात क्वचितच स्थान मिळते. अमेरिकेतील आयोवा राज्यात फॉरेस्ट सिटी येथे विनेबागो कंपनीने १९६६ मध्ये मोटर होमचे उत्पादन सुरू केले आणि हे वाहन मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले. जनरल मोटर्सनेही १९७३ ते १९७८ या काळात स्वतःचे मोटर होम बनविले. त्या पिढीतील कित्येक वाहने आजही वापरात आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्या वीजजोडणीचा सुरक्षिततेच्या अंगाने विचार केला आहे.

दोन परंपरांचा संगम :

मोटर होममध्ये दोन वीजपरंपरा एकत्र आल्या. पहिली मोटारीची. तीत १२ व्होल्टचा प्रवाह बॅटरीपासून एका तारेने दिव्यापर्यंत जातो व गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परततो. दुसरी घराची, म्हणजे १२० व्होल्टचा पुरवठा, फेज, न्यूट्रल व अर्थिंग यांसह. पहिल्या परंपरेत सांगाडा हीच परतीची तार असते. दुसऱ्या परंपरेत त्यातून एरवी प्रवाह वाहताच कामा नये. धोक्याचे मूळ या विसंगतीत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अमेरिकन घरात मुख्य पेटीत न्यूट्रल व अर्थिंग एकत्र जोडतात आणि ते योग्यच असते. मोटर होमला मात्र मुक्कामाच्या तळावरून वीज मिळते व तेथे ही जोडणी मूळ पुरवठ्यापाशी आधीच झालेली असते. म्हणून वाहनातील पेटीत दोन्ही अलग ठेवावीत, असा राष्ट्रीय विद्युत संहितेचा दंडक आहे. घरगुती कामाची सवय असलेला कारागीर नेमकी हीच चूक करतो. दिवे लागतात, पंखा फिरतो, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे लपून राहते. पुढे कोणी दोन पिनांचा अडॅप्टर लावून अर्थिंग तोडले आणि तळावर फेज-न्यूट्रल उलट निघाले, की वाहनाचे सारे धातूचे कवच १२० व्होल्टवर जाते. टायर रबरी असल्याने आत बसलेल्यांना काहीच जाणवत नाही. ओल्या जमिनीवर उभे राहून दाराच्या मुठीला हात लावणाऱ्याच्या मात्र ते जिवावर बेतू शकते.

जनित्राचा प्रश्न :

जनित्र चालू असताना वाहन स्वतःच वीजपुरवठ्याचे मूळ बनते व न्यूट्रल-अर्थिंगची जोडणी जनित्रापाशी आवश्यक ठरते. जुन्या अनेक वाहनांत यावरील तोड साधी होती. तळाला जोडावयाची जाड केबलच जनित्राच्या सॉकेटमध्ये खोचावयाची. एका वेळी एकच मूळ जोडले जाई. ही रचना गैरसोयीची खरी, पण स्वभावतः सुरक्षित होती. नंतरच्या मालकांनी सोयीसाठी बदल-स्विच बसविले. त्यांतील जो स्विच केवळ फेज बदलतो व न्यूट्रल तसाच ठेवतो, तो जनित्राकडील जोडणी कायम करून टाकतो. येथे सुधारणेनेच धोका आणला, हे नोंदविले पाहिजे.

संहिता आणि जुने वाहन :

कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅलझील यांनी १९६१ मध्ये गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन तयार केले. सुमारे ५ मिलिअँपिअरच्या गळतीस ते प्रतिसाद देते. १९७३ मध्ये संहितेने घराबाहेरील सॉकेटसाठी ते सक्तीचे केले. परंतु संहितेच्या अशा तरतुदी प्रामुख्याने नव्या बांधणीस लागू होतात. आधीच रस्त्यावर असलेल्या वाहनात हे साधन बसविणे मालकाच्या मर्जीवर राहिले आणि वाहन हातोहात विकले जाताना आधीच्या दुरुस्त्यांची नोंद सहसा सोबत गेली नाही.