सागाची छाटणी: बिनगाठीची फळी कशी तयार होते?

इंदापूर-बारामतीकडे छाटणी म्हटलं की आधी द्राक्षं आठवतात: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. तिथे नवी फूट हवी असते, कारण घड तिच्यावर येतो. बांधावरच्या सागाचं गणित वेगळं. इथे खोड हेच पीक.

झाडाची जाडी वाढते ती सालीखालच्या जिवंत थरामुळे. हा थर जुन्या लाकडावर नवं लाकूड चढवत जातो. आतलं जागचं हलत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही फक्त पुढे लिहिता येणारी फाइल, मागचं खोडता येत नाही. खोडाने वेढलेला फांदीचा भाग म्हणजे फळीतली गाठ. फांदी जिवंत असेल तर गाठ निदान घट्ट बसते. वाळकी फांदी वेढली गेली तर ती गाठ पुढे निखळून फळीला भोक पडतं.

म्हणून वेळ महत्त्वाची. खोड १० सेंमी व्यासाचं असताना फांद्या काढल्या आणि तोडणीला ते ३० सेंमी झालं, तर गाठींचा गाभा छेदाच्या साधारण एक-नवमांश राहतो. २० सेंमीपर्यंत थांबलात तर चार-नवमांश! जखम बुजेपर्यंतची वाढ धरली तर प्रत्यक्षात थोडा जास्तच.

दाट लागवडीत सावलीने खालच्या फांद्या आपोआप मरतात. बांधावर बाजूने भरपूर ऊन, त्यामुळे त्या टिकतात आणि जाड होतात. म्हणजे बांधावरच्या झाडाला छाटणी जास्त लागते.

कापायचं कुठे? फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं, त्याच्या लगेच बाहेर. खुंट ठेवू नका आणि कडंही तासू नका. अमेरिकी वनसेवेतले संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडं चेनसॉने उभी चिरून पाहिली. झाड जखम दुरुस्त करत नाही, कुज आतल्या आत कोंडतं, ही मांडणी त्यांनी १९७७ मध्ये केली. ते कडं या अडवणुकीचाच भाग. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप द्या, नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते.

जळणासाठी शेंड्याचा झुपका तेवढा ठेवून झाड झोडपणं मात्र नको. एका वेळी हिरव्या फांद्यांपैकी एक-तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका, पानांशिवाय खोड पोसणार कसं? दाराच्या चौकटीला साधारण ७ फूट लाकूड लागतं, त्यामुळे आधी खालचे ८-१० फूट टप्प्याटप्प्याने साफ करा. साग निष्पर्ण असताना, पावसाळ्याआधी काम उरका. नंतर खोडावर फुटवे आले तर कोवळे असतानाच हाताने मोडा.