रानभाताची राखण

पीक निसवलें म्हणजे शेतकरी माळा घालून राखणीस बसतो. पांखरें आणि डुकरें त्याच्या आरोळीनें दूर राहतात. परंतु डोळ्यांस न दिसणाऱ्या शत्रूपासून रोपट्याची राखण कोण करतो, हा प्रश्न फार दिवस अनुत्तरित होता. भाताच्या एका रोगाच्या निमित्तानें त्याचें उत्तर कसें मिळालें, आणि त्या वाटेवर चूक कशी घडली, हा वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा रोग म्हणजे कडा करपा. यांत पानाची कड प्रथम पिवळी पडते, मग पान वाळून पेंढ्यासारखें होतें, आणि लोंबींत दाणा नीट भरत नाहीं. जपानांत फुकुओका प्रांतीं १८८४ च्या सुमारास तो प्रथम दृष्टीस पडला. तेव्हां जमिनीच्या आंबटपणास दोष देण्यांत आला. त्याचें कारण एक जंतु आहे हें मागाहून कळलें. आपल्याकडे त्याची पहिली नोंद १९५१ सालची, आणि तीही कुलाबा जिल्ह्यांतील आहे. पुढें १९६३ मध्यें बिहारच्या शहाबाद जिल्ह्यांत या रोगानें हाहाकार उडविला. यावर भरंवशाचें औषध नाहीं. तेव्हां मुळांतच दणकट असें वाण शोधणें हाच मार्ग उरला.

दणकटपणा वारशानें येतो, हें केंब्रिज येथील बिफेन यांनीं १९०५ मध्यें गव्हाच्या तांबेऱ्यावरून दाखविलें होतें. पुढें अमेरिकेंत हॅरल्ड फ्लोर यांनीं जवसाचा तांबेरा अभ्यासून असें दाखविलें कीं, झाडांत प्रतिकाराचें जें जनुक असतें त्याच्या जोडीचें एक जनुक रोगकारकांतही असतें; दोहोंची गांठ पडली तरच झाड सावध होतें. मात्र ही गांठ पडते कशी, हें कोणासच सांगतां येत नव्हतें.

इतक्यांत कटक येथील मध्यवर्ती भात संशोधन केंद्रांत एक अनपेक्षित गोष्ट घडली. आफ्रिकेंतील माली देशाचें एक रानभात तेथें आणून ठेविलें होतें. पोटासाठीं तें कुचकामी, आणि जमिनीखालून तणासारखें पसरणारें. परंतु करप्याचे जे जे जंतु त्यावर सोडून पाहिले त्या सर्वांस तें पुरून उरलें. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत गुरुदेव सिंग खुश व त्यांचे सहकारी यांनीं अनेक पिढ्यांच्या संकरानें तो गुण लागवडीच्या भातांत उतरविला. त्या जनुकास ‘एक्सए-२१’ असें नांव मिळालें. १९९५ मध्यें कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेनें तें जनुक वेगळें काढून वाचलें.

त्या जनुकापासून होणाऱ्या प्रथिनाचें एक टोंक पेशीच्या बाहेर असून तें आगंतुकास ओळखतें. आंतलें टोंक म्हणजे प्रोटीन कायनेज. कायनेजचें काम इतकेंच कीं, दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक कण चिकटवावयाचा. त्या कणानें प्रथिनाची वागणूक पालटते. ही युक्ति फिशर आणि क्रेब्ज यांनीं १९५५ मध्यें स्नायूंत शोधिली, व तीबद्दल १९९२ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. वनस्पतींत एक कायनेज दुसऱ्यास चेतवितें, दुसरें तिसऱ्यास, आणि अशी ती हांक पेशीच्या केंद्रापर्यंत जाऊन संरक्षक जनुकें जागीं होतात. अवर्षण, खारेपणा व थंडी यांची वर्दी देण्यासही झाडें अशाच सांखळ्या वापरतात.

राखणदार सांपडला, पण तो ओळखतो कोणास? २००९ मध्यें रोनाल्ड यांच्या गटानें जंतूंतील एका प्रथिनाचें नांव जाहीर केलें, आणि विद्वानांनीं तें मान्य केलें. पुढें त्याच प्रयोगशाळेंत आलेल्या नव्या संशोधकांस ते प्रयोग पुन्हां साधेनात. शोध घेतां असें आढळलें कीं, कांहीं जंतूंवर चुकीच्या चिठ्ठ्या होत्या आणि एक परीक्षापद्धति भरंवशाची नव्हती. तेव्हां २०१३ मध्यें रोनाल्ड यांनीं आपले निबंध स्वतः मागें घेतले आणि चूक उघडपणें सांगितली. दोन वर्षांनीं, २०१५ मध्यें, खरा खुणेचा पदार्थ त्यांच्याच गटास सांपडला: ‘रॅक्सएक्स’ नांवाचें एक लहानसें प्रथिन.

आज हैदराबादच्या संशोधकांनीं सांबा महसुरी या आवडत्या तांदुळांत एक्सए-२१ आणि आणखी दोन जनुकें संकरानें आणिलीं आहेत, आणि तें सुधारलेलें वाण शेतांत उभें आहे. जंतुही आपलें रूप पालटीत असतात, म्हणून एकाच राखणदारावर विसंबणें बरें नव्हे, हा त्यांतला हेतु.

आम्हांस या वृत्तांतांत दोन गोष्टी सारख्याच मोलाच्या वाटतात. निरुपयोगी म्हणून तें रानभात कोणी उपटून टाकिलें असतें, तर पुढचें कांहींच घडलें नसतें. आणि लौकिकास जपून ती चूक झांकली असती, तर खोट्या खुणेमागें कित्येकांचीं वर्षें गेलीं असतीं. बियाणें जपावें लागतें, तसें खरेंपणही जपावें लागतें; दोहोंची किंमत अखेर शेतकऱ्याच्या खळ्यावरच ठरते.